उभ्या गाडीचा वेग

१

सकाळी उठल्यावर तुळशीदास चहाच्याही आधी गाडी पुसायचा. ठाण्याला शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागल्यापासूनची ही सवय. घरी सुट्टीवर आला तरी त्याचे हात स्वस्थ बसत नसत, आणि या खेपेला तर गाडीच त्याच्याबरोबर सुट्टीवर आली होती. पोशेऱ्याच्या डोंगरउतारावर त्याचा पाडा. तिथं खळ्याच्या कडेला, कोंबड्यांच्या आणि सरपणाच्या संगतीत ती लांबलचक काळी जर्मन गाडी उभी होती आणि पाड्याची चांगलीच करमणूक करत होती.

कारण गाडी होती ताशी अडीचशेच्या वर पळणारी, आणि मुख्य रस्त्यापासून पाड्यापर्यंत यायला तिला अख्खी दुपार लागली होती. पोट घासलं की तुळशीदासनं उतरायचं, दगड उचलायचा, पुन्हा बसायचं. शेवटच्या चढाला बायकांनी मागून हात लावले. मधल्या वाटेत जिव्याची बैलगाडी तिला मागं टाकून पुढं गेली, आणि ही गोष्ट जिव्या आता मरेपर्यंत सांगणार होता. "येवढी म्हाग गाडी अन् चालती गाभण म्हशीवानी," असं शेजारची हौशी म्हणाली, तेव्हा तुळशीदासही हसला होता.

त्या सकाळी तो ओलं फडकं घेऊन पुढच्या काचेपाशी गेला आणि तसाच उभा राहिला. काचेवर किडे होते.

किड्यांचं कौतुक कुणाला? दिवाळी नुकतीच झालेली, शेतात भाताचा पेंढा पडलेला, किडे असायचेच. पण हे बसलेले किडे नव्हते, फुटलेले होते. भरधाव गाडीच्या काचेवर आपटून किडा फुटतो, त्याचा पिवळा फराटा वरच्या बाजूला ओढला जातो, पंख तिथंच चिकटून राहतो. हमरस्त्यावरून आल्यावर असली काच त्यानं शंभरदा पुसली होती. पण ही काच त्यानं कालच लख्ख केली होती, आणि तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. चाकांना लावलेले दगड तसेच होते. दगडांवरचं दवसुद्धा कुणी मोडलेलं नव्हतं.

त्यानं एक किडा नखानं खरवडून पाहिला. तो अजून ओला होता.

"वर्षा, गाडी कुणी नेली होती का गं?" त्यानं दाराकडे बघून विचारलं.

वर्षा, त्याची बायको, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. दिवस भरत आले होते, त्यामुळं उठायचा प्रश्नच नव्हता. "चावी तुमच्या उशाखाली. कोन नेनार?"

"मग हे किडे?"

"किडे हायेत. पुसा."

तुळशीदासनं पुसले. पण तो मुळात चौकस माणूस. लहानपणी वर्गशिक्षकांचं घड्याळ उघडून बघितलं म्हणून त्यानं मार खाल्ला होता, आणि मार खातानाही आतल्या चाकाचाच विचार करत होता. किडा त्याच्या डोक्यातून जाईना.

२

ही गाडी पाड्यावर आली कशी, तेही सांगायला हवं.

अशा गाड्यांना कंपनीच एक लॉक घालून पाठवते. इंजिनात दम असतो तीनशेचा, पण अडीचशेला गाडी आपणहून हात आखडता घेते. मग कितीही दाबा, पुढं जायची नाही. शेठना हे कळलं आणि त्यांची झोप उडाली. आपल्या गाडीत आपल्याला न विचारता कुणी कुलूप घातलंय, हे त्यांना सहन होईना. शेवटी कुठल्याशा गॅरेजमधला लॅपटॉपवाला गाठला. त्यानं वायर लावली, दोनचार बटणं दाबली, आणि चहा निवायच्या आत लॉक काढलंसुद्धा.

"आता कुठं थांबेल मग?" तुळशीदासनं सहज विचारलं होतं.

"आता कुठंच नाही," लॅपटॉपवाला म्हणाला आणि कामावर खूश होऊन हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नागपूरकडे जाणाऱ्या नव्या महामार्गावर शेठनी स्वतः गाडी काढली. तुळशीदास शेजारी. एकशेवीसच्या पाट्या दोन्ही बाजूंनी शहाण्यासारख्या उभ्या होत्या, त्यांच्याकडे कोण बघतो. ऐंशीच्या वर गेल्यावर गाडी थांबून थांबून टिंग करत होती. एकशेवीसच्या वर गेल्यावर ते टिंगटिंग सलग झालं. सगळ्याच नव्या गाड्यांत ही सूचना असते, आणि सगळेच ती कानाआड करतात. दोनशे झाले. सव्वादोनशे. अडीचशेवर आकडा क्षणभर रेंगाळला, दारात पाहुणा थबकतो तसा, आणि मग आत गेला.

त्याबरोबर सगळे आवाज थांबले. इंजिन, टायर, वारा, ते टिंगटिंग, सगळं.

तुळशीदास तेव्हा हसत होता. त्याला आनंद झाला होता, आणि त्याचं कारण त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षाचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. बुधाच्या जीपमधून तिला जव्हारला नेत होते. धुकं, घाट, वळणं. थोरल्या आंब्याच्या वळणावर मूल झालं. ते रडलं नाही. लोक पुढं पुष्कळ काय काय बोलले, देवाचं बोलले, नशिबाचं बोलले. तुळशीदासच्या डोक्यात एकच गोष्ट रुतून बसली: जीपचा काटा तिसाच्या पुढं जात नव्हता. तेव्हापासून कुठल्याही गाडीचा आकडा चढताना पाहिला की त्याला बरं वाटायचं. आणि आता वर्षाला पुन्हा दिवस गेले होते.

शेठनी वेग हळूहळू कमी करत गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. बराच वेळ ते समोर बघत राहिले.

"तुळशीदास, आपण थांबलोय ना?"

"थांबलोय की, शेठ."

"उतरून बघ."

तो उतरला. पायाखाली डांबर होतं. पलीकडच्या कठड्यावर एक कावळा निवांत चालत होता. "थांबलोय," त्यानं सांगितलं. शेठ दार धरून बाहेर आले, ते पुन्हा त्या गाडीत बसले नाहीत. घरून दुसरी गाडी मागवून गेले. संध्याकाळी त्यांनी तुळशीदासला बोलावलं. "तू सुट्टीवर जाणारच आहेस, तर ही घेऊन जा. तुमच्याकडं रस्तेच नाहीत. तिथं बरी राहील," ते म्हणाले.

गाडी जरा गप्प ठेवायची असेल, तुळशीदासला वाटलं. मोठ्या माणसांची मोठी कारणं असतात.

३

किड्यांनंतर त्याच्या नजरेत आलं ते घुंगरू.

गाडी पाड्यावर आली त्या दिवशी त्याची आई गौरा हिनं गाडीला हळदकुंकू लावलं होतं आणि आतल्या आरशाला काळ्या दोऱ्यात एक घुंगरू बांधलं होतं. जीप असो, बैल असो, नाहीतर शेठची गाडी असो, दृष्ट सगळ्यांना लागते, असा तिचा हिशेब. आता तुळशीदास आत बसून काच पुसत असताना ते घुंगरू त्याच्या कपाळाला लागलं. त्यानं मान मागं घेतली, तरी पुन्हा लागलं.

घुंगरू सरळ लोंबत नव्हतं. ते मागच्या बाजूला कललेलं होतं, आणि तसंच स्थिर होतं.

गाडी उतारावर असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण उतारावर गाडी वाकडी होते, दोरा नाही. दोरा जमिनीकडेच जातो. तरी खात्री करावी म्हणून त्यानं एक दोरा घेऊन खडा बांधला आणि दाराबाहेर धरला. खडा सरळ. तोच दोरा आत घेतला, तर खडा हळूच मागं सरकला आणि घुंगराच्या शेजारी तेवढाच तिरका होऊन राहिला. त्यानं बाहेर काढला, सरळ. आत नेला, तिरका. तो कितीतरी वेळ हेच करत बसला. भीती त्याला वाटली नाही असं नाही, पण मौज जास्त वाटत होती.

ड्रायव्हरला हे कुणी शिकवावं लागत नाही. गाडी वेग घेत असली की आरशाला टांगलेली वस्तू मागं जाते. ब्रेक मारला की पुढं येते. एका वेगानं चालली की मग शंभर असो नाहीतर दोनशे, ती सरळच राहते. म्हणजे नुसता वेग असता तर घुंगरू सरळ असतं. घुंगरू तिरकं आहे, म्हणजे वेग अजून वाढतोय.

कशाचा, ते त्याला सांगता येईना. समोर काचेतून खळं दिसत होतं, खळ्यात कोंबडी माती उकरत होती.

त्यानं बॅटरीची तार काढून ठेवली. दुपारी बुधा त्याच्या प्रवासी जीपच्या फेऱ्यांतून जेवायला घरी आला, त्याला बोलावून आणलं. बुधानं घाटात उभी हयात घालवलेली. चमत्काराचं नाव काढलं की तो थुंकायचा. तो ऐटीत शेठच्या सीटवर टेकला, दार लावून घेतलं. बाहेर उभ्या तुळशीदासला आतून आवाज आला. टिंग. मग जरा थांबून पुन्हा टिंग. तार त्याच्या हातात होती.

बुधा लगेचच उतरला. दोन पावलं चालला आणि त्यानं कुडाची भिंत धरली.

"काय झालं रं?"

"काय नाय." तो हसायला बघत होता. "पन तुळशा, मी उतारलो ना?"

"उतरलास की. हा काय उभा हायेस."

"मना उतारल्यासारखा वाटत नाय." त्यानं भिंत सोडली, पुन्हा धरली. "हिला झाकून ठेव. अन् मी बोललो असा कोनाला सांगू नको, लोक हासतील."

४

तुळशीदासनं गाडी झाकली, पण गौरानं ती परत उघडी केली. तिला गाडी हवी होती.

त्याचं असं झालं, की पाड्यावरून पुढं जाणाऱ्या रस्त्याची मोरी पावसाळ्यात वाहून गेली होती. त्यामुळं यंदा त्या रस्त्यानं एकही वाहन फिरकत नव्हतं. इतरांना त्याचं काही नव्हतं, पण बायकांची मोठी अडचण झाली. दरसाल नागलीची कणसं वाळली की त्या ती डांबरावर पसरायच्या. जीपा, टेम्पो, मोटारसायकली वरून जायच्या आणि फुकटात मळणी व्हायची. यंदा काठीनं झोडपत बसायची वेळ आली. गौरानं आपली कणसं गाडीपुढं खळ्यात वाळत घातली, ती निव्वळ तिथं ऊन चांगलं पडतं म्हणून. संध्याकाळी गोळा करायला गेली, तर मधली कणसं तशीच होती आणि दोन बाजूंच्या पट्ट्यांत दाणा सुटून पडला होता. चाकांच्या रुंदीचे दोन पट्टे, गाडीच्या तोंडापासून सरळ खळ्याच्या टोकापर्यंत.

दुसरं कुणी असतं तर अंगारा लावत बसलं असतं. गौरानं दुसऱ्या दिवशी सगळी कणसं त्या दोन पट्ट्यांतच घातली.

"आये, तुला ह्याचं काहीच वाटत नाय?" तुळशीदासनं विचारलं.

"वाटतं ना. आदी आनली असती तर वरईबी झाली असती."

मग हौशीनं भारा आणला, बायडीनं आणला. गाडीपुढं खळ्यात बायकांची हसण्याखिदळण्याची जत्राच भरली. वर्षाला घरात गुदमरायचं, तीही सूप घेऊन बाहेर येऊन बसू लागली. तुळशीदास बाजूला उकिडवा बसून डोळ्यात तेल घालून बघायचा. दिसायचं काहीच नाही. वारा पडलेला असायचा, आणि तरी कणसाचा भुसा उडून दोन्ही बाजूंना सरायचा, वाहन गेल्यावर सरतो तसा. दाणा सुटताना बारीक चुरचुर ऐकू यायची. गाडीतलं टिंगटिंग आता सलग झालं होतं. हौशी म्हणायची, रातकिड्यापरास बरा हाय.

शेवटी त्यानं शेठना विचारायचं ठरवलं. पाड्यात फोनला रेंज नाही. त्यासाठी खळ्यामागच्या टेकाडावर एका खडकावर चढावं लागतं. तो चढला, फोन लागला. किडे, घुंगरू, नागली, आपल्याला स्वतःला काही होत नाही हेसुद्धा, त्यानं सगळं सांगितलं आणि शेठ हसतील म्हणून थांबला. शेठ हसले नाहीत.

"माझ्या हातातला कप अजून तिरका असतो तुळशीदास," ते म्हणाले. "चहा सांडत नाही, पण कडेला चढून राहतो. रोज थोडा थोडा कमी होतोय. तुला, बाजूच्या सीटवरच्याला, काही होत नाही म्हणतोस ना? मला वाटलंच होतं. मी तेव्हा समोर बघत होतो, तू काट्याकडं बघत होतास."

"समोर काय होतं, शेठ?"

"गाडीचं तोंड कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"खळ्याकडं."

"तिच्यापुढं कुणी बसत नाही ना?"

तुळशीदासनं खाली पाहिलं. टेकाडावरून खळं तळहातासारखं दिसत होतं. बायका जेवायला गेल्या होत्या. गाडीपुढं एकटी वर्षा बसली होती. नंबरप्लेटला पाठ टेकून, दोन पट्ट्यांच्या मधोमध, पाय लांब सोडून. मांडीवर सूप, सुपात नागली. तिची ती रोजची जागा होती. पाठीला आधार मिळतो म्हणून ती त्यानंच दाखवली होती.

तो ओरडला. मग पळत सुटला.

"काय वो?" वर्षा त्याला येताना बघून हसत म्हणाली. "पडाल ना! इथं कसा गार वारा येतो, उठूशी वाटत नाय." तिनं त्याच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला आणि अर्धी उठून थबकली. सूप हातातून सुटलं. "आयेला बोलवा," ती म्हणाली. "कळ आली."

५

त्या दिवशी मोखाड्याचा बाजार होता. बुधाची जीप माणसं भरून गेली होती. तुळशीदास पुन्हा खडकावर चढला आणि त्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती निघाली होती, पण दुसरा पेशंट पोचवून येणार होती. तो खाली आला तर वर्षाचा चेहरा पांढरा पडलेला. मागच्या वेळी असाच पडला होता.

"गाडीत घाल," गौरा म्हणाली.

"आये, ह्या गाडीत नको."

"दुसरी कोनती हाय?"

त्यानं बॅटरीची तार जोडली, चाकांचे दगड काढले. मागच्या सीटवर वर्षाला निजवलं, तिचं डोकं गौराच्या मांडीवर. गंमत म्हणजे येताना अख्खी दुपार खाल्लेली ती वाट उतरताना कुठंच लागली नाही. एकही दगड पोटाला घासला नाही. ते मुख्य रस्त्याला लागले आणि त्यानं जव्हारकडे गाडी वळवली.

आपण तीस-चाळिसाच्या पुढं जायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि पाळलंही. काटा पस्तिसावर. बाहेरची झाडं पस्तिसाच्या चालीनं मागं जात होती. समोरून येणारी मोटारसायकल नेहमीसारखी आली आणि गेली. आरशाचं घुंगरू मात्र पार मागं आडवं व्हायला आलं होतं, आणि टिंगटिंग इतकं जलद की त्याची एक सरळ रेघ झाली होती.

"हळू चालवा ना," मागून वर्षा म्हणाली.

"हळूच चाललंय गं."

"नाय. लय जोरात चाललंय." ती घाबरलेली नव्हती. तिच्या आवाजात आश्चर्य होतं. "पोटातल्याला आवडतंय."

त्यानं आरशात पाहिलं. सगळ्या काचा बंद होत्या. वर्षाचे सुटलेले केस सीटला सपाट चिकटले होते. गौराचा पदर तिच्या खांद्यावरून मागं ताणला गेला होता आणि फडफडत होता. गौरा बाजूच्या काचेतून बाहेर बघत होती. पस्तिसाच्या गतीनं जाणाऱ्या झाडांकडं कुणी असं बघत नाही. आयुष्यभर कशाचंच नवल न वाटलेल्या त्या बाईचं तोंड उघडं राहिलं होतं. मग तिनं सावकाश पदराचं टोक धरून आणलं आणि वर्षाच्या डोळ्यांवर घातलं.

"भायेर नको बघू, बाय," ती म्हणाली. "तूबी नको बघू तुळशा. तू रस्ता बघ."

तो रस्ता बघत राहिला. त्याला थोरल्या आंब्याच्या वळणाची धास्ती होती. ते आलं की काय करायचं, श्वास कसा घ्यायचा, हे तो घोकत होता. आणि मग एकदम जव्हारची पहिली घरं दिसली. आंब्याचं वळण कधी गेलं, त्याला कळलंच नाही.

दवाखान्याच्या दारात सिस्टरनं वर्षाला आत घेतलं. फार वेळ लागला नाही. तो अजून बाकड्यावर बसायचाच होता, तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. मोठा, खणखणीत, भांडायला निघाल्यासारखा. तुळशीदास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठ्यानं रडला. कुणी बघतंय का याची त्याला पर्वा नव्हती.

"मुलगी आहे," सिस्टर बाहेर येऊन म्हणाली. "दोघी छान आहेत. नाडी जरा जलद आहे बाळाची, डॉक्टर बघून गेले, काळजीचं नाही म्हणाले. घाई होती हो तुमच्या लेकीला!"

६

गाडी तुळशीदासनं एकट्यानंच पाड्यावर परत आणून ठेवली होती. वर्षा घरी आली त्याच सुमाराला शेठनी धाडलेला लॅपटॉपवाला पाड्यावर आला. बुधानंच त्याला जीपमधून आणलं. त्यानं वायर लावली, बटणं दाबली. तुळशीदास आत घुंगराकडं नजर लावून बसला होता. लॉक बसलं तसं घुंगरू थरथरलं, हळूहळू खाली आलं आणि सरळ लोंबायला लागलं. टिंगटिंग थांबलं. खळ्यात एवढी शांतता झाली की बायका घराबाहेर येऊन बघू लागल्या.

"कितीवर बसवलंत?" तुळशीदासनं विचारलं.

"होतं तिथंच. अडीचशे," तो म्हणाला. "लॉक असलेलं बरं असतं साहेब. गाडीला कळतं तरी, कुठं थांबायचं."

तोच गाडी घेऊन गेला. जाताना वाटेत पोट घासलं, दगड उचलावे लागले, मागून ढकलावं लागलं. तुळशीदासला त्या प्रत्येक धक्क्याचं समाधान वाटलं. हौशीनं उरलेला नागलीचा भारा काढला आणि गाडीला शिव्या देत काठीनं झोडपायला बसली. सगळं पूर्वीसारखं झालं.

घरात आढ्याला झोळी बांधली होती. गौराच्या जुन्या लुगड्याची, तुळशीदास स्वतः जिच्यात वाढला तशीच. मुलगी गुणी होती. रडायची फार कमी. डोळे टक्क उघडे ठेवून सारखं समोर बघायची आणि मध्येच खुदकन हसायची. तिचं कपाळावरचं जावळ पुढं कधी येतच नसे. वर्षा तेल लावून पुढं घ्यायची, ते पुन्हा मागं जाऊन सपाट बसायचं.

"अवो, झोळी नीट बांधा ना," वर्षा म्हणाली. "तिरकी लोंबतीय."

तुळशीदासनं गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग दुसऱ्या वाशाला बांधून पाहिली. खिशात तो दोरा होता, खडा बांधलेला. त्यानं तो झोळीशेजारी धरला. खडा सरळ जमिनीकडं गेला. झोळी त्याच्यापासून करंगळीभर मागं होती आणि तशीच स्थिर होती. त्यानं खडा झोळीच्या आत, मुलीच्या छातीवर धरला. खडा मागं सरकला.

नुसता वेग असता तर सरळ राहिली असती. हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

त्याला लॅपटॉपवाल्याचं बोलणं आठवलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला कुतूहल नको झालं. ही कुठं चाललीय, तिला पुढं काय दिसतंय, तिचं कुठं थांबायचं ठरलंय का, यातलं काही जाणून घ्यायची त्याला इच्छा उरली नाही. ती इथं राहावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं झोळीला एक बोट लावलं आणि ती ओढून खड्याच्या रेषेत आणली. सरळ झाली. मुलगी त्याच्याकडं न बघता हसली.

"किती वेळ धरून बसशील?" गौरानं चुलीपासून विचारलं. तिनं इकडं पाहिलं नव्हतं, पण तिला ठाऊक असावं.

"बसतो," तो म्हणाला.

दुपारपर्यंत एक बोट पुरत होतं. दिवे लागायच्या वेळेला त्याला दुसरा हात लावावा लागला.